गाडी मऊ चालावी म्हणून

पिंपळदरा, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर
१२ नोव्हेंबर १९४४

शमुवेलभाऊ यांस कृपादानचा सलाम. तुमच्या बहिणीचाही.

तुम्ही म्हणाल, दाजींना गरज पडल्याशिवाय मेहुण्याची आठवण होत नाही. खरं आहे. गरजच पडली आहे.

आपल्या दवाखान्याची गाडी तुम्ही पाहिली आहे. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि वय माझ्या नोकरीपेक्षा जास्त. इंजिन अजून गुणी आहे, पण मागच्या स्प्रिंगांचे पाटे पार संपले. उजव्या बाजूची कमान सपाट होऊन नुसती पट्टी झाली आहे. डावीकडचा मुख्य पाटा पावसाळ्यातच मोडला, तिथे सहादेव लोहाराने बाभळीचा तुकडा घालून वादीने करकचून बांधला आहे. धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल केव्हाच गळून गेलं. रस्त्यात खडा आला तर चाकाच्या आधी माझ्या दाढांना कळतो. मरियाबाई सिस्टर म्हणतात, आपले रोगी लवकर बरे होतात कारण पुन्हा या गाडीत बसायची त्यांना धास्ती वाटते.

इतके दिवस हसत होतो, आता हसू येत नाही. दयाला सहावा लागला आहे. आधीची दोन कशी गेली ते तुम्हाला सांगायला नको. परवा ती माझ्याबरोबर मिरजगावला आली. मी बैलाच्या चालीने गाडी हाकली, तरी घरी पोचल्यावर रक्त दिसलं. सिस्टरनी तपासलं. म्हणाल्या, वार खाली वाटेवर आली आहे, हे बाळंतपण इथे व्हायचं नाही. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडूनच मूल काढावं लागेल. आठवा महिना सरत आला की तिला तिथे नेऊन ठेवायची आणि तोवर एक धक्का बसता कामा नये. मी विचारलं, नेताना काय? त्यांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्यातून नाही, कृपादान."

मग कशातून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बैलगाडीला तर पाटेच नसतात.

तुम्ही गॅरेजात आहात. पाट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी कापून सोबत ठेवली आहे. तेवढ्या लांबीचे पाटे, दोन्ही बाजूंचे, काहीही करून पाठवा. मजबूत बघून पाठवा, पुन्हा मोडायला नकोत. तुमच्याशिवाय मला दुसरं दार नाही.

तुमचा,
कृपादान


अहमदनगर, स्टेशन रोड
२६ नोव्हेंबर १९४४

दाजी, सलाम.

पत्र आईला वाचून दाखवलं नाही. दया बाळंतपणाला इकडे येणार, एवढंच सांगितलं. ती तेवढ्यावर खूश होऊन जुनी लुगडी फाडायला बसली, गोधडी करायची म्हणे. तुम्ही पण तिला रक्ताचं काही कळवू नका. तिचा जीव केवढासा.

आता तुमच्या पाट्यांचं. दाजी, नगरात आज पाटा मागणं म्हणजे उन्हाळ्यात बर्फ मागणं. लढाईने सगळं लोखंड गिळलं. दुकानदार मला लांबून बघूनच मान हलवतात. टॅक्सीचंही विचारून पाहिलं. एकाकडे पेट्रोल नाही, दुसऱ्याची गाडी लष्कराने नेली, तिसऱ्याने पिंपळदऱ्याचा रस्ता ऐकून हात जोडले. पण तुम्ही हातपाय गाळू नका. शमुवेल कुणाकडे जाऊन रिकाम्या हाताने परत आलाय, असं झालेलं नाही. पाटे मिळतील. मी सांगतो ना, मिळतील.

तोवर एक काम करा. शॉक उतरवून धुवा आणि त्यात एरंडेल भरा. सिस्टरांच्या कपाटात बाटल्याच्या बाटल्या असतील. इकडे आम्ही हाच उपाय करतो.

दयाला म्हणावं, दादाने सांगितलंय, निजून राहा. माहेरी येण्याची घाई तिला फार, ती मला ठाऊक आहे.

शमुवेल


पिंपळदरा
१७ डिसेंबर १९४४

शमुवेलभाऊ, सलाम.

एरंडेल मागायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, हे माणसांसाठी आहे. मी दयाचं नाव घेतलं, मग दोन बाटल्या दिल्या आणि बजावलं की गाडीला जुलाब झाले तर मला बोलवायचं नाही. दयाला हे सांगितलं तर ती इतकी हसली की मीच घाबरून तिला गप्प केलं. भाऊ, बायकोला हसू नको म्हणायची पाळी कुणावर येऊ नये.

शॉक भरले. दुपारी बरे चालतात. पण पहाटेच्या थंडीत एरंडेल गोठून काकवीसारखं होतं आणि शॉकचे हात हलतच नाहीत. उन्हं वर येईपर्यंत गाडी नुसती ठोकळा.

गेल्या गुरुवारी पुन्हा रक्त गेलं, मागच्याहून जास्त. ती कुठे गेली नव्हती, काही उचललं नव्हतं, खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. सिस्टरनी खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. आता ती दिवसभर डोकं खाली, पाय वर अशी पडून असते आणि आढ्याकडे बघत मला विचारते, "दादाचं पत्र आलं का?" नाताळात आमच्या देवळाची मंडळी गात गात घरापर्यंत येणार आहेत, म्हणजे तिला खाटेवरून ऐकू येईल.

मी रोज गाडीखाली शिरतो. करण्यासारखं काही नसतं. नुसता पडून त्या बाभळीच्या तुकड्याकडे बघतो. घरात तिच्यासमोर बसवत नाही म्हणून तिथे जातो, हे तुम्हालाच सांगतो.

पाट्यांचं लवकर कळवा.

कृपादान


अहमदनगर
४ जानेवारी १९४५

दाजी,

मिळाले! आधी हे वाचा, मग बाकीचं.

एक लष्करी लॉरी घाटात उलटली. तिचं सामान भंगारवाल्याकडे आलं आणि त्या ढिगात मला मागचे पाटे दिसले. दोन्ही बाजूंचे, अखंड. खिशातून तुमची सुतळी काढून लावली तर तंतोतंत. भंगारवाल्यासमोर मी नाचायचाच बाकी होतो. आणि पाटे कसले म्हणता! एकेक पाटा माझ्या अंगठ्याएवढा जाड. तुमच्या जुन्यात सहा होते, यात नऊ आहेत. वर हत्ती चढवा, वाकायचे नाहीत. आमच्या गॅरेजात जो तो हात लावून बघून गेला. आमचे मिस्त्री म्हणाले, असा माल आता बघायला मिळत नाही.

मिरजगावच्या लॉरीवर घालून दिले आहेत. बसवताना गाडी नीट ओंडक्यांवर टेकवा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. एरंडेलात थोडं शिवणयंत्राचं तेल मिसळा, म्हणजे थंडीत गोठणार नाही.

आईची गोधडी झाली. आता टोपडं चाललंय. दयाला सांगा, दादाने शब्द पाळला.

शमुवेल


पिंपळदरा
१४ जानेवारी १९४५

शमुवेलभाऊ, सलाम.

पाटे मिळाले. तुम्ही किती वणवण केली असेल ते कळतं. तरी झालं ते लिहिलं पाहिजे.

सहादेव आणि मी दोन दिवस गाडीखाली होतो. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते तापवून तोडले. नवे पाटे बसले. ओंडके काढले तेव्हा गाडीचा मागचा भाग चांगला वीतभर उंच उभा राहिला. गाव बघायला जमलं. गोरक्षनाथ पाटील म्हणाले, "गाडी न्हाई, घोडा दिसतोय घोडा." त्यांचं वजन तुम्हाला माहीत आहे. ते हौद्याच्या कडेवर चढून उभे राहिले तरी पाटे ढिम्म हलले नाहीत. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली.

मग मी दयासाठी म्हणून एक परीक्षा घेतली. तिची खाट जिथे ठेवायची तिथे पाण्याने भरलेली घागर ठेवली, आणि मारुतीच्या देवळापर्यंत सावकाश जाऊन आलो. घागर आडवी पडली होती, तिच्यात थेंब नव्हता, आणि बूड चेपलं होतं. मोडक्या पाट्यांवर निदान निम्मी तरी राहिली असती.

मला आधी समजेना. मग सहादेव म्हणाला, "आवं, हे पाटं वाकंतच न्हाईत. न वाकणारा पाटा आन् लाकडाचा ओंडका, फरक काय?"

भाऊ, तुम्हाला बोल लावत नाही. मजबूत पाठवा असं मीच लिहिलं होतं. सुतळीने लांबी कळली, जाडी कळली नाही. आपण दोघे जन्मभर ओझ्याच्या गाड्यांत वावरलेले. जो वाकत नाही तो चांगला, हेच आपल्याला माहीत. मऊ पाहिजे, असं तुम्हाला लिहायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरात गेलो तर दयाने विचारलं, "बसले का पाटे?" मी म्हटलं, "बसले." ती इतकी सुखावली की पुढचं मी सांगितलंच नाही. आता तिने ट्रंकेत काय काय भरायचं ते शेजारच्या दगडाबाईला सांगायला सुरुवात केली आहे.

जुने पाटे परत घालावेत तर मोडलेला आणखी मोडून निघाला. आता काय करायचं? तुम्हीच सांगा.

कृपादान


अहमदनगर
१९ जानेवारी १९४५

दाजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. बढाया मारायला मी पुढे, आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये? इथे येणारा प्रत्येक मालक म्हणतो, पाटा बसलाय, उचलून दे. तो मऊ कर असं आजवर कुणी सांगितलंच नाही.

चार पाटे काढून टाका, असं लिहिणार होतो. पण हे उलटलेल्या लॉरीचे पाटे आहेत. मुख्य पाट्याला कुठे बारीक चीर असली तर चार काढल्यावर त्याच्यावर जास्त भार येईल आणि तो भर रस्त्यात मोडेल. तेव्हा पाटे काढू नका.

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, या पाट्यांना ओझं पाहिजे. वीस-पंचवीस मण भार हौद्यात पडला की हेच पाटे वाकतील, झुलतील आणि गाडी पालखीसारखी चालेल. वाळूची पोती भरा. दुसरा इलाज मला दिसत नाही.

मी स्वतः येऊन गाडी हाकली असती, पण आमचं गॅरेज लष्कराच्या कामाला लावलंय, रजा मागितली तर नाही म्हणाले. इथून पत्रं लिहिण्यापलीकडे माझ्याने काही होत नाही, याची लाज वाटते.

शमुवेल


पिंपळदरा
२७ जानेवारी १९४५

शमुवेलभाऊ, सलाम.

आज चांगलं लिहायला मिळतंय.

वाळूची पोती भरून पाहिली. गाडी मऊ झाली, पण मिरजगावच्या अलीकडे आमची वाळूची नदी आहे ना, तिथे ओझ्याची गाडी रुतणार हे नक्की. वाळू उतरवायची आणि पलीकडे पुन्हा भरायची म्हणजे अर्धा दिवस. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तेव्हा दगडाबाई म्हणाली, "पोती कशाला? मानसं घाल की. मानसं आपल्या पायानं उतरत्यात."

भाऊ, एवढं सोपं होतं. माणसं हौद्यात बसतील. नदी आली की उतरतील, दयाची खाट खांद्यावर घेऊन वाळू ओलांडतील, रिकामी गाडी मी पार करीन आणि पलीकडे सगळे पुन्हा चढतील. आमच्या देवळातली मंडळी तयार झालीच, पण गावही उठलं. गोरक्षनाथ पाटील म्हणाले, आजवर माझ्या वजनाची गावाने टिंगल केली, आता त्याचा मान पहिला. पंधरा-सोळा माणसं झाली. काल सगळ्यांना बसवलं आणि पुन्हा घागर ठेवली. मारुतीपर्यंत जाऊन आलो. घागर गळ्यापर्यंत भरलेली होती, फक्त दगडाबाईचा पदर ओला झाला होता. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी गाडीच्या मागे जाऊन तोंड धुतल्याचं सोंग केलं.

दयाला खिडकीतून सगळं दिसत होतं. म्हणाली, "माझ्या वरातीला पण एवढी माणसं नव्हती."

फेब्रुवारीचं रेशनचं पेट्रोल तीन तारखेच्या आत मिळेल. सिस्टर म्हणतात, तोवर थांबू, मुलाला तेवढे दिवस हवेतच. सोमवारी, पाच तारखेला, उन्हं वर आली की निघायचं ठरलंय. दवाखान्यात खाट सांगून ठेवा. दोन आठवडे रक्त नाही. देवाची कृपा आहे.

कृपादान


अहमदनगर
१ फेब्रुवारी १९४५

दाजी,

खाट सांगितली. खिडकीजवळची मिळाली. डॉक्टरीणबाईंना सिस्टरांची चिठ्ठी दाखवली, त्या म्हणाल्या, इथवर नीट पोचली तर काळजीचं कारण नाही.

तुमच्या दगडाबाईला माझा सलाम सांगा. आमच्या मिस्त्रींना माणसांची गोष्ट सांगितली, ते दिवसभर हसत होते आणि संध्याकाळी म्हणाले, सोमवारी त्या सगळ्यांना माझ्याकडून चहा. आई पंधरा माणसांचा स्वयंपाक करायचा म्हणते. मी म्हटलं, अगं, ती ओझं म्हणून येणार आहेत. ती म्हणाली, "असू दे, जेवली की परत जाताना आणखी जड होतील."

सोमवारी नाक्यावर उभा राहतो. सावकाश या.

शमुवेल


पिंपळदरा
४ फेब्रुवारी १९४५

शमुवेलभाऊ,

आपली दया काल गेली. मूलही गेलं.

हे पत्र घेऊन सहादेव येत आहे. त्याला तोंडाने सांगवणार नाही म्हणून लिहितो. माती उद्या दुपारी आहे. मिळेल त्या गाडीने आईला घेऊन या. आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही, ते तुमच्यावर टाकतो.

तुम्ही विचाराल, कसं झालं. काल शनिवार, मिरजगावचा बाजार. सोमवारी आपल्याबरोबर यायचं म्हणून सगळ्यांनी आठवड्याची कामं कालच उरकायला काढली होती, आणि सकाळीच गाव बाजाराला गेलं होतं. मागे म्हातारी माणसं, लहान मुलं, सिस्टर आणि मी. तेव्हा दयाला पुन्हा सुरू झालं. या वेळचं रक्त थांबेचना. सिस्टर म्हणाल्या, आत्ता निघायचं, वाट बघण्यात अर्थ नाही.

गाडी उभी होती, पेट्रोल होतं, पाटे नवे होते, आणि भार टाकायला माणूस नव्हतं. मी धावत घरोघर गेलो. एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं, तर त्याला हौद्यात चढता येईना. मग दवाखान्याच्या कुंपणाची भिंत पाडली आणि सिस्टर आणि मी दगड भरायला लागलो. दया आतून म्हणत होती, "राहू द्या, चला." थोडे दगड झाले तसे निघालो. दगड माणसांसारखे बसत नाहीत. खाचखळगा आला की उसळायचे, खाटेकडे सरकायचे, आणि सिस्टर पायांनी ते थोपवून धरायच्या. गाडी आपटत होती. प्रत्येक धक्का मला कळत होता आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं. सावकाश न्यावी तर वेळ जातो, जोरात न्यावी तर धक्का.

दोनेक मैल गेल्यावर बाजारातून परत येणारी माणसं दिसली. मी थांबवायच्या आधीच त्यांना कळलं. सहादेवने डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या कडेला टाकलं, बायकांनी टोपल्या तिथेच ठेवल्या. पाटलांनी दगड खाली लोटले. सगळे खाटेभोवती चढून बसले.

आणि गाडी बसली, भाऊ. मला ते स्टिअरिंगमध्येच जाणवलं. पाटे वाकले, शॉक हलायला लागले, आणि त्या रस्त्यावर ती गाडी अशी चालली जशी कधी चालली नव्हती. केबिनच्या मागच्या खिडकीवर ताडपत्री होती, मला मागचं दिसत नव्हतं. पण दया सिस्टरांना म्हणाली ते मी ऐकलं. ती म्हणाली, "आता मऊ चालली." त्यानंतर तिचा आवाज आला नाही. मला वाटलं, झोप लागली. बरं झालं, असं मला वाटलं.

नदी आली. ठरल्याप्रमाणे मी गाडी थांबवली आणि हाक दिली, "उतरा, वाळू आली." कुणी उतरलं नाही. पुन्हा हाक दिली. मला रागच आला, इतका वेळ वाचवला आणि आता काय बसून राहिलेत. उतरून मागे गेलो. सगळे जसेच्या तसे बसले होते. सिस्टरनी दयाचा चेहरा पदराने झाकला होता. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं.

दगडाबाई म्हणाली, "आता उतरायचं न्हाई, बाबा. गाडी माघारी वळव."

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, "आमी चढलो त्येच्या मागनं लगीच." मी म्हटलं, मग मला हाक का मारली नाही? एवढा रस्ता मला हाकू का दिला? ती म्हणाली, "तुझा हात हालला आसता. तिला धक्का बसला आसता."

येताना ते सगळे तसेच बसून आले. वाटेत त्यांची गाठोडी होती, त्यासाठीही कुणी उतरलं नाही.

पाट्यांना दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका. पाटे चांगले होते, ते मी पाहिलं. एवढंच माझ्या मनातून जात नाही, की ज्या ठिकाणी माणसं चढली तिथपासून नदीपर्यंत माझ्या पाठीमागे माझी बायको गेलेली होती, हौद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि मी पुढे बसून, गाडी किती मऊ चालली म्हणून, सबंध वाट देवाचे आभार मानत होतो.

कृपादान